गायनॅकची पोस्टिंग लागलीय? लेबर रूममध्ये शिरायच्या आधी हे वाचून जा

एमबीबीएसच्या थर्ड इयर पार्ट टूची मुलं आणि नवीन इंटर्न, दोघांसाठी लिहितेय. मी सध्या ओबीजीवायमध्येच (प्रसूती आणि स्त्रीरोग विभागात) रेसिडेन्सी करतेय, आमच्याकडे सतत नवीन बॅच येत असते आणि दर वेळी तेच दिसतं. पहिले दोन-तीन दिवस मुलं दाराशी घोळका करून उभी राहतात, मग लायब्ररीकडे वळतात आणि शेवटच्या दिवशी लॉगबुकवर सह्या घ्यायला येतात. यात मुलांची चूक कमी आणि आमची जास्त, कारण इथे नेमकं करायचं काय हे त्यांना कुणी धड सांगतच नाही.

माझं म्हणणं एकच आहे. वीस डिलिव्हऱ्या दारातून बघू नका, एक बाई धरा. ती कळा घेऊन ॲडमिट झाली की तिथपासून वार पडून बाळ तिच्या छातीशी लागेपर्यंत तिच्याजवळून हलू नका. पूर्ण पोस्टिंगमध्ये असं चार-पाच जणींसोबत केलंत तरी वाचलेलं सगळं डोक्यात जागच्या जागी बसतं, आणि लॉगबुक, व्हायवा (तोंडी परीक्षा), केस हे त्यातूनच होत जातं.

आदल्या दिवशी

शिंप्याकडे असते तशी मोजायची टेप घ्या, सेकंद काटा असलेलं घड्याळ घ्या पण मनगटावर नको, ॲप्रनला पिन करा. खिशात मावेल अशी डायरी, दोन पेनं, बिस्किटाचा पुडा, पाण्याची बाटली. नखं कापा, अंगठ्या-बांगड्या हॉस्टेलवरच ठेवा. बंद चप्पल किंवा बूट हवेत, पाणमोट फुटली की पाणी कुठवर उडतं हे एकदा बघितलं की कळेल. चष्मा नसेल तर साधा गॉगल घ्या, डोळ्यात रक्त जाणं ही खरी होणारी गोष्ट आहे. हेपेटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत ना ते आजच बघा. आणि कधी सुई टोचलीच तर लाजून गप्प बसू नका, हात साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सांगा, एचआयव्हीची पीईपी (लागण टाळायची औषधं) जितकी लवकर सुरू होईल तितकी चांगली, ७२ तासांनंतर उपयोग नसतो.

अजून एक घरचा अभ्यास. डायरीत कंपासने ४, ६ आणि ८ सेंटिमीटर व्यासाची वर्तुळं काढा आणि डोळे मिटून तर्जनी आणि मधलं बोट त्यावर फाकवून बघा. पिशवीचं तोंड किती उघडलंय हे आपण याच दोन बोटांनी सांगतो, आणि प्रत्येकाची बोटं वेगळी. स्वतःच्या बोटांचं माप माहीत नसेल तर पीव्ही (आतून तपासणी) करूनही तुम्ही अंदाजाने आकडा सांगणार.

आत गेल्यावर आधी कुणाला भेटायचं

सरांना नाही, सिस्टरला. नाव सांगा, कुठली बॅच ते सांगा आणि "सिस्टर, मी काय करू" असं विचारा. पंधरा-वीस वर्षं लेबर रूममध्ये काढलेली सिस्टर बाईच्या नुसत्या आवाजावरून सांगते की आता टेबलवर घ्यायला पाहिजे. ड्रम (निर्जंतुक कपड्यांचा डबा) कुठे, ऑक्सिटोसिन (पिशवी आवळायचं औषध) फ्रिजमध्ये कुठल्या कप्प्यात, बेबी वॉर्मर कसा चालू करायचा, इमर्जन्सी ट्रेमध्ये काय काय आहे, हे पहिल्याच दिवशी तिच्याकडून बघून घ्या. वॉर्डातल्या मावशींनाही मावशीच म्हणा आणि नीट बोला, बाईला खरी साथ बऱ्याचदा त्याच देत असतात. मुलींना पेशंट हमखास "सिस्टर" म्हणतात आणि शेजारच्या मुलाला "डॉक्टर", त्याचा राग पेशंटवर काढू नका, एकदा नाव सांगा आणि कामाला लागा.

हिस्टरी: इथे घाई करू नका

पुस्तकातले शब्द इथे चालत नाहीत. "रक्तस्राव होतोय का" विचारलं तर बाई तोंडाकडे बघत राहते. "अंगावरून जातंय का, लाल की पांढरं" असं विचारा. "पाणी गेलंय का, कधी गेलं, कपडा भिजला का, रंग कसा होता", "बाळ फिरतंय ना रोजच्यासारखं", "कळा थांबून थांबून येतात की नुसतं पोट दुखतंय", "डोकं दुखतंय का, डोळ्यापुढे अंधारी येते का", "मागचं बाळंतपण नॉर्मल की सिझर, किती दिवस ॲडमिट होतात, रक्त चढवलं होतं का". ओपीडीत म्हाताऱ्या आज्या येतात त्या "अंग बाहेर येतं" म्हणतात, ते प्रोलॅप्स, म्हणजे पिशवी खाली सरकणं. तांबी म्हणजे कॉपर टी. हे शब्द पहिल्या आठवड्यात डायरीत लिहून काढा. तुमच्या भागातले अजून वेगळे असतील, मावशींना विचारा.

पाळीची तारीख ही सगळ्यात मोठी परीक्षा. कितीतरी बायका तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. "संक्रांतीच्या दोन दिवस आधी आले होते." मग २०२५ च्या संक्रांतीला १४ जानेवारी होती, म्हणजे पाळी १२ जानेवारीला, त्यात नऊ महिने सात दिवस मिळवा, १९ ऑक्टोबर ही ईडीडी, म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख. संक्रांत सोपी, कारण ती फारशी हलत नाही. पण नागपंचमी सांगितली तर कॅलेंडर उघडायलाच लागतं, २०२४ मध्ये ती ९ ऑगस्टला होती आणि २०२५ मध्ये २९ जुलैला. २९ जुलै धरली तर ईडीडी ५ मे येते, आणि वर्ष चुकलं तर तुमचा हिशोब दहा-अकरा दिवसांनी चुकला. पाळी नियमित होती का, आधी गोळ्या चालू होत्या का, बाळ अंगावर पीत होतं का हेही विचारा, नाहीतर हा हिशोब लागू पडत नाही. आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर ती आधी शोधा, तारखेसाठी नंतरच्या सोनोग्राफीपेक्षा तीच जास्त भरवशाची. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे निम्मे कागद सासरी राहिलेले असतात, फोन करून व्हॉट्सॲपवर फोटो मागवायला सांगा. त्या गावच्या आशाताईंचा नंबर बाईकडे असतोच.

आता एक माझ्या हातून झालेलं सांगते, विद्यार्थी असतानाचं. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, शेजारी सासूबाई बसलेल्या. मी विचारलं, "ताई, पहिलीच वेळ ना?" तिने मान हलवली, मी पेपरवर प्रायमी (पहिलटकरीण) लिहून मोकळी. ब्लड ग्रुप निगेटिव्ह होता, तोही लिहिला आणि पुढच्या बेडकडे गेले. दुपारी सिस्टर तिला वजन करायला म्हणून पडद्यामागे घेऊन गेल्या आणि तिथे तिने हळूच सांगितलं की दोन वर्षांपूर्वी माहेरच्या गावी तिसऱ्या महिन्यात पिशवी साफ केली होती, नंतर कुठलं इंजेक्शन दिलं नव्हतं. म्हणजे ती प्रायमी नव्हतीच, आणि निगेटिव्ह ग्रुपच्या बाईला आधी गर्भपात होऊन अँटी-डीचं इंजेक्शन मिळालेलं नसेल तर आयसीटी ही रक्ताची टेस्ट पाठवून बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडीज तयार झाल्यात का ते बघावं लागतं. मी लिहिलेल्या एका शब्दामुळे ती टेस्ट राहिली असती. ती पाठवली, रिपोर्ट चांगला आला, पण सासूसमोर तो प्रश्न विचारणारी मीच होते हे अजून डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून मी तपासणीच्या निमित्ताने नातेवाइकांना बाहेर बसवते आणि मगच आधीचे दिवस, गर्भपात, घरात मारहाण होते का, हे विचारते. आणि पेपर नातेवाइकांच्या हातात पडतो हेही विसरू नका, असं काही कळलं तर आधी जेआरला (ज्युनियर रेसिडेंटला) तोंडी सांगा, काय कुठे आणि कसं लिहायचं ते ते ठरवतील.

हात लावायच्या आधी

आधी नाव सांगा, मी शिकतोय म्हणून सांगा, तपासू का विचारा, नाही म्हणाली तर ठीक आहे ताई म्हणा आणि खरंच थांबा. लघवी करून यायला सांगा, भरलेल्या ब्लॅडरवर फंडल हाइट (पिशवीची उंची) चुकते आणि बाईलाही त्रास होतो. पडदा ओढा, लागेल तेवढंच उघडा, हात चोळून गरम करा. टेपने मोजताना आकड्यांची बाजू खाली ठेवा म्हणजे मन आधीच आकडा ठरवत नाही. साधारण २० ते ३६ आठवड्यांत सेंटिमीटर आणि आठवडे जवळपास सारखे येतात, दोनचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर का ते विचारात घ्या आणि सांगा. बाईला फार वेळ उताणी झोपवून ठेवू नका, गर्भपिशवीचं वजन शिरेवर पडून तिला चक्कर येते, झालं की डाव्या कुशीवर वळवा.

पीव्हीबद्दल माझं मत कडक आहे. कळा चालू असलेल्या बाईची आतून तपासणी साधारण चार तासांनी करायची असते, तिथे सहा मुलांनी एकामागून एक हात घालायचा नसतो. जेआर करत असताना विचारा, बाईला विचारा, तिने हो म्हटलं तर एकानेच करा. तपासताना तिच्या चेहऱ्याकडे बघा, कळ आली तर थांबा. आणि ओटीमध्ये भूल दिलेल्या बाईची तिला आधी न विचारता शिकण्यासाठी पीव्ही कधीही करू नका, कुणी सांगितलं तरी.

मुलांसाठी खास. बायका तुम्हाला नको म्हणतील, काही वेळा मुलींना आत घेतील आणि तुम्हाला बाहेर ठेवतील, याचं वाईट वाटतं हे मला माहीत आहे. पण लगेच तपासायला जाऊ नका, आधी नुसते बसा, पाणी द्या, कळा मोजा, नवऱ्याला बाहेर जाऊन काय चाललंय ते सांगून या. दोन तासांनी बऱ्याचदा तीच बाई "तुम्हीच बघा हो" म्हणते. आणि तपासताना सिस्टर किंवा मावशी सोबत असायलाच हवी, तिच्यासाठीही आणि तुमच्यासाठीही.

लेबर रूम: एक बाई, पूर्ण वेळ

स्टूल ओढून बसा. हाताचा तळवा पोटावर, नाभीच्या वर, हलकासा. दहा मिनिटं घड्याळ बघत बसा. कळ सुरू होते तेव्हा हाताखाली पोट वर येतं आणि घट्ट होत जातं, बाई बोलायच्या आधी तुमच्या हाताला कळतं. किती घट्ट ते सांगायची जुनी युक्ती आहे: नाकाच्या शेंड्याइतकं लागलं तर हलकी कळ, हनुवटीइतकं तर मध्यम, कपाळासारखं टणक तर जोरदार. दहा मिनिटांत तीन कळा आणि प्रत्येक चाळीस सेकंदांच्या वर, म्हणजे गाडी रुळावर आहे. कळ ओसरली की लगेच बाळाचे ठोके ऐका, पूर्ण मिनिट. ११० ते १६० नॉर्मल. ॲक्टिव्ह लेबरमध्ये साधारण अर्ध्या तासाने, बाई जोर द्यायला लागली की पाच-पाच मिनिटांनी. ठोके कमी वाटले तर तिला कुशीवर वळवा, तिची नाडी एका हाताने बघा, कारण कधी कधी आपण आईचेच ठोके मोजत असतो, आणि हाक मारा. पुन्हा एकदा बघतो मग सांगतो असं करू नका.

हे सगळं पार्टोग्राफवर (बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते मांडायच्या तक्त्यावर) भरा. जुन्या पार्टोग्राफमध्ये पिशवीचं तोंड ४ सेंटिमीटर उघडल्यापासून सुरुवात, तासाला एक सेंटिमीटरची अलर्ट लाइन आणि तिच्या चार तास उजवीकडे ॲक्शन लाइन. डब्ल्यूएचओने २०२० मध्ये लेबर केअर गाइड आणलं त्यात ॲक्टिव्ह फेज ५ सेंटिमीटरपासून धरतात. तुमच्या वॉर्डात कुठला कागद आहे ते बघून तोच शिका. डिलिव्हरी झाल्यावर मागून भरलेल्या पार्टोग्राफला काही अर्थ नाही, तासातासाला भरला तरच तो वेळेवर सावध करतो.

मधल्या वेळात तिच्याशी बोला. कंबर चोळून द्या, पाण्याचा घोट द्या. तिला ओरडायचं असेल तर ओरडू द्या. कुणी तिच्यावर आवाज चढवला तर तुम्ही मोठ्यांशी भांडू शकणार नाही, पण तिचा हात धरून "ताई, छान चाललंय, माझ्याकडे बघा" इतकं नक्की म्हणू शकता.

बाळ बाहेर आलं की सगळे बाळाकडे बघतात. तुम्ही घड्याळ बघा आणि वेळ मोठ्याने सांगा. बाळ रडतंय का, मग ते आईच्या पोटावर, पुसून, झाकून. मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिन १० युनिट आयएम (स्नायूत). बाळ ठीक असेल तर नाळ कापायला एक ते तीन मिनिटं थांबतात. वार बाहेर आली की ती ट्रेमध्ये पसरून बघा, पूर्ण आहे का, पडदे फाटलेत का, एखादा तुकडा राहिला तर रात्री रक्त जाणार. मग आईच्या पोटावर हात ठेवा, पिशवी क्रिकेटच्या बॉलसारखी घट्ट लागली पाहिजे. पहिले दोन तास पंधरा-पंधरा मिनिटांनी हेच, नाडी, बीपी, पॅड. हे दोन तास सगळ्यात धोक्याचे आणि याच वेळी खोलीत कुणी नसतं, कारण सगळे पुढच्या डिलिव्हरीला गेलेले असतात. इथे तुम्ही बसलात तर खरंच जीव वाचू शकतो. २०१८-२० च्या एसआरएसच्या (सरकारच्या जन्म-मृत्यू पाहणीच्या) आकड्यांत एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ आणि देशात ९७ मातामृत्यू होते. आपल्याकडे परिस्थिती बरी आहे, पण त्या ३३ जणींमध्ये रक्त जाऊन गेलेल्याही असतात.

धावपळ सुरू झाली की

पीपीएच म्हणजे नॉर्मल डिलिव्हरीनंतर ५०० मिलीच्या वर रक्त जाणं, आणि नजरेने आपण नेहमी कमीच धरतो. तुमचं काम ठरवून ठेवा: पिशवी चोळत राहणं, नाहीतर क्रॉसमॅचचं (रक्त जुळवून बघायचं) सँपल घेऊन ब्लड बँकेत पळणं (नाव आणि आयपीडी नंबर बाटलीवर तिथेच लिहा), नाहीतर कुठलं औषध किती वाजता दिलं ते लिहिणं. रक्त थांबवायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम, तीन तासांच्या आत. यातलं एक काम मन लावून करा आणि मधे मधे येऊ नका.

झटके आलेली बाई आली तर आधी कुशीवर, तोंडातला फेस साफ, ऑक्सिजन, मग मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट, झटके थांबवायचं औषध). प्रिचर्डचा डोस पाठच करा: ४ ग्रॅम आयव्ही (शिरेतून) सावकाश, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम आयएम, मग दर चार तासांनी ५ ग्रॅम आलटून पालटून. पुढचा डोस द्यायच्या आधी तीन गोष्टी: गुडघ्याचा जर्क आहे का, श्वास मिनिटाला १६ तरी आहेत का, लघवी तासाला ३० मिली तरी होतेय का. त्या बघायचं काम मागून घ्या. आणि कॅल्शियम ग्लुकोनेट (मॅगसल्फवरचा उतारा) ट्रेमध्ये आहे ना, ते आधीच डोळ्याने बघा.

ओटी आणि ओपीडी

ओटीत जाण्याआधी खाऊन जा. घेरी येतेय वाटलं तर मागे सरकून सरळ खाली बसा, कुणी काही म्हणत नाही. हिरव्या कापडाला हात लावू नका, सिझरला कुठला थर कापतायत ते मनात म्हणत जा, ऑपरेशन कशासाठी चाललंय हे बाईच्या फाइलमधून आधी वाचून या, तेच विचारतात.

ओपीडीत तीन कायदे डोक्यात पक्के हवेत. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा, १९९४ चा. सोनोग्राफीनंतर नातेवाईक बाहेर गाठून "काय आहे हो" विचारतात, शब्दानेच काय, हसूनही काही सुचवायचं नाही, तो गुन्हा आहे. एमटीपी (गर्भपाताचा) कायदा १९७१ चा आणि २०२१ ची दुरुस्ती: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ मध्ये ठराविक प्रकारच्या केसेसना दोघांचं, आणि सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. नवऱ्याला घेऊन ये म्हणून बाईला परत पाठवलेलं मी पाहिलंय, ते चूक आहे. तिसरा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा: मुलगी अठराच्या आतली आणि दिवस गेलेत, तर कळवणं बंधनकारक आहे, लग्न झालेलं असलं तरी. अशी मुलगी भेटली तर एकट्याने काही ठरवू नका, लगेच युनिटच्या मॅडमना सांगा.

व्हायवा

रोज एक केस स्वतःच्या शब्दांत मोठ्याने प्रेझेंट करा, मित्रासमोर, पाच मिनिटांत. शेवटचं वाक्य पाठ न करता बनवता आलं पाहिजे: कितवी वेळ, किती आठवडे, काय धोका, आता काय करायचं. इन्स्ट्रुमेंट हातात धरून शिका, फोटोवरून नाही. आणि टाक्यांचा विषय निघाला की शिरोडकर स्टिच विचारतातच, तर तो माणूस माहीत असू द्या. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, मूळ गोव्यातल्या शिरोड्याचे, काम मुंबईत, दुसऱ्या तिमाहीत पुन्हा पुन्हा गर्भ जाणाऱ्या बायकांचं पिशवीचं तोंड बांधायचं ऑपरेशन त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलं आणि ते जगभर त्यांच्याच नावाने चालतं. नुसतं नाव सांगू नका, कधी घालतात, कधी काढतात आणि मॅकडोनाल्डच्या टाक्यापेक्षा वेगळं काय हे सांगता आलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी

जिच्याजवळ बसला होतात तिला पोस्टनेटल वॉर्डात जाऊन भेटा. लघवी झाली का, टाके दुखतायत का, पॅड किती भिजतंय, बाळ नीट पितंय का, बाळाला बीसीजी, पोलिओचा झिरो डोस आणि हेपेटायटिस बी मिळाली का. निगेटिव्ह ग्रुपची असेल आणि बाळ पॉझिटिव्ह, तर अँटी-डी ७२ तासांच्या आत गेलं का ते पेपरवर बघा.

आणि जिचं बाळ गेलं तिलाही भेटा. तिच्या बेडकडे राउंडसुद्धा पटकन पुढे सरकतो, काय बोलावं कुणालाच कळत नाही. तिला शक्यतो इतर बाळंतिणींपासून जरा लांबचा बेड मिळेल का ते सिस्टरला विचारा. तिसऱ्या दिवशी तिलाही दूध उतरतं, छाती दगडासारखी होते, ताप येतो, आणि ती कुणाला सांगत नाही. "ताई, छाती भरून आलीय का, दुखतंय का" एवढं विचारा आणि जेआरला सांगा. दूध थांबवायची गोळी द्यायची की नाही ते तेच ठरवतील, बीपी वाढलेलं असेल तर ती चालत नाही, त्यामुळे जाताना तिचं बीपी मोजून घेऊन जा.